साहेबाचे चिरूट वाळवणात

घाटातल्या रेल्वेचा इंजिनिअर साहेब चैत्र संपता संपता माथेरानला गेला आणि जाताना कर्जतचा बंगला आपला घरगडी कोंडाजी याच्यावर टाकून गेला. बंगल्याचे काही विशेष नव्हते. साहेबाचा जीव अडकला होता तो एका पेटीत. पेटी देवदारी लाकडाची, घट्ट झाकणाची, आत विलायतेहून आलेले चिरूट ओळीने निजलेले. झाकणाला आतून भोकाभोकांची पितळी डबी आणि डबीत ओला स्पंज. साहेबाने आपल्या मोडक्या मराठीत तीनतीनदा बजावले होते की दर चौथ्या दिवशी स्पंज भिजवायचा, पिळायचा, परत ठेवायचा आणि झाकण लावायचे. महिन्याने मुंबईचा मोठा साहेब जेवायला येणार होता आणि हे चिरूट त्याच्यासाठी होते.

कोंडाजीने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

साहेबाची पाठ वळली आणि कोंडाजीचे डोके चालू लागले. तंबाखू आणि तो ओला ठेवायचा? डोंगराखालच्या कोंडाणे गावात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे पटावे कसे? वैशाखात सगळा मुलूख पावसाळ्याच्या बेगमीला लागलेला. पापड, मिरच्या, सुकट, जे म्हणून घरात होते ते उन्हात पडलेले, कारण पुढे चार महिने नुसती बुरशी. आणि हा शहाणा साहेब मुद्दाम ओल घालून ठेवतो! कोंडाजीला त्या परक्या माणसाची मनापासून दया आली. त्याने स्पंज धुऊन खिडकीत वाळत टाकला आणि चिरूट सुपात पसरून, बायकोने घातलेल्या कुरडयांशेजारी दोन दिवस कडक उन्हात ठेवले आणि मग परत पेटीत भरले.

बायको, म्हणजे आवडी, बहिणीच्या लग्नाला लोधिवलीला गेली होती. ती तिसऱ्या दिवशी परतली, तेव्हा कोंडाजीने मोठ्या ऐटीत पेटी उघडून एक चिरूट उचलला. तो त्याच्या बोटांतच फुटला. दुसरा उचलला, त्याचाही तळहातावर चुरा झाला.

साहेबाचा त्याच्यावरचा भरवसा हीच त्याची नोकरी होती. ती गेली म्हणजे पुन्हा गावी, थोरल्या भावाच्या, मालोजीच्या हाताखाली भाताच्या चिखलणीला. आणि मालोजी या दिवसाची किती वर्षे वाट पाहत होता, ते कोंडाजीला पक्के ठाऊक होते.

आवडीने सूप बघितले, नवऱ्याचे तोंड बघितले.

"तळून वाढा मोठ्या साहेबाला," ती म्हणाली. "फुलतील चांगले."

कोंडाजी घाबरून चिरूटांवर शिंपडायला पाण्याचा तांब्या आणायला धावला, तेव्हा मात्र तिने त्याचा हात धरला. तिच्या माहेरी पत्रावळी लावायचे काम चाले. पळसाचे वाळलेले पान टाचायला घेतले तर तडकते आणि पाण्यात बुडवले तर कुजते, म्हणून ते ओल्या गोणपाटाच्या नुसत्या गारव्यात ठेवायचे, हे ती परकरात असल्यापासून बघत आली होती. तिने चिरूट कोरड्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले, टोपली मोरीजवळच्या गार कोपऱ्यात ठेवली आणि थोड्या अंतरावर ओले गोणपाट पसरले. उपाशी माणसाला पहिल्याच दिवशी पुरणपोळी घालत नाहीत, एवढे सांगून ती कामाला लागली.

आठ दिवसांनी चिरूट पेटीत गेले. मग जेमतेम ओलसर स्पंज, आणि रोज एकेकाची जागा बदलणे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर घुटमळणाऱ्या नवऱ्यासारखा कोंडाजी दिवसातून दहादा विचारी, झाले का? आवडी म्हणे, एवढी घाई होती तर उन्हात टाकायचे नव्हते.

महिना भरला आणि दुपारच्या जेवणाला दोन्ही साहेब आले. जेवण झाल्यावर साहेबाने चिरूट उचलून दोन बोटांत दाबला, कानाशी नेला. तो तडकला नाही. पेटवून त्याने दोन झुरके घेतले आणि तो थबकला. नरम आहे, म्हणाला, पण वास थोडा गेलाय. मधे कधी तरी वाळला होता का?

खापर वाऱ्यावर फोडता आले असते. बंगल्यावर पाणी भरणाऱ्या भिस्त्यावरही आले असते. दाराआड आवडी उभी होती आणि नवरा आता कोणती थाप मारतो, याची तिला गंमत वाटत होती.

"मी वाळवले, साहेब. उन्हात घालून," कोंडाजी म्हणाला. "पुन्ना जित्ते केले ते आवडीनं."

लग्नातल्या उखाण्यानंतर तिचे नाव त्याच्या तोंडून बाहेर पडले ते आजच. मोठा साहेब पोट धरून हसला. आपला साहेब हसला नाही. पावसाळाभर पेटी त्या बाईच्या ताब्यात राहील, असे त्याने सांगितले. कोंडाजीने बाकीचे घर सांभाळावे, झाकणाला मात्र हात लावू नये. कोंडाजीची मान शरमेने खाली गेली, पण छातीवरचा धोंडाही उतरला.

भांडी घासताना आवडी काहीच बोलेना. टोमणा नाही, हसणे नाही. कोंडाजीला ते सहन होईना.

"काय गं, गप का? बोल की काय ते."

"काय बोलू? चार लोकांत माझं नाव घेतलंत तुमी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

कोंडाजी तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि एकेक ताटली पुसू लागला.