रिंगणातली काळी कालवड

नुमान परकारला गुरांची भीती वाटते, हे सलालाहजवळच्या त्या फार्मवर कोणालाच माहीत नव्हतं.

माणूस बावन्न वर्षांचा, दापोलीजवळच्या हर्णैचा. ओमानात एकवीस वर्षं झाली होती आणि त्यातली पंधरा गुरांमध्ये गेली होती. दोन वर्षांपूर्वी इब्राकडच्या एका फार्मवर वशिंडवाल्या बैलानं त्याला लोखंडी कुंपणावर दाबलं. तीन बरगड्या मोडल्या. त्या सांधल्या, पण पाठीमागे कोणी जनावर नुसतं फुरफुरलं तरी त्याचा हात आपोआप बरगड्यांवर जायचा. नव्या अर्बाबाला, म्हणजे मालकाला, त्यानं यातलं काही सांगितलं नाही. गुरांना घाबरणारा माणूस गुरांच्या कामावर कोण ठेवील?

अर्बाब मुसल्लम यांना मांसासाठी गुरं वाढवायची होती. कोणती जात घ्यावी हे ठरेना, म्हणून त्यांनी तीन जातींची दहा-दहा जनावरं आणवली: डोंगरातली बुटकी जबाली, ऑस्ट्रेलियाहून जहाजानं आलेली लांब कानांची ब्राह्मन, आणि बिनशिंगांची काळी अँगस. कोणती जात शांत हे तपासायचं काम डॉ. मधुवंतीकडे होतं. ती पुण्याची, सलालाहला पाच वर्षं जनावरांची डॉक्टर. घाबरट जनावर अंग धरत नाही, कापायला नेताना बिथरलं तर मांसही काळपट पडतं, असं ती सांगायची.

तपासणी दोन टप्प्यांची होती. आधी जनावर खोड्यात, म्हणजे त्याला जागच्या जागी धरणाऱ्या लोखंडी चौकटीत, घालून किती धडपडतं ते बघायचं. मग त्याला रिंगणात एकटं सोडायचं, एक माणूस आत जाणार, आणि तीस सेकंद ते कसं वागतं ते बघून एक ते पाच गुण. एक म्हणजे गरीब, पाच म्हणजे अंगावर येणारं.

"मी बाहेरून लिहिते, तुम्ही आत जा नुमानभाई," मधुवंती सहज म्हणाली. "तुमच्याइतका सराव इथे कोणाला आहे?"

नुमान मान हलवून आत गेला.

पहिल्या दिवशी जबाली होत्या. कमरेएवढ्या गाई, पण नुमानचा सदरा घामानं पाठीला चिकटला. दुसऱ्या दिवशी ब्राह्मन. त्यांचं वशिंड बघून तो कुंपणाला पाठ लावूनच उभा राहिला. तो हळू आवाजात त्यांच्याशी बोलत राहिला, कारण गप्प राहिला असता तर दात वाजले असते. गंमत अशी, की त्या आवाजानंच बरीचशी जनावरं जवळ आली. एकानं तर त्याची बाही हुंगली.

"ही जात आवाज ओळखते," मधुवंती म्हणाली. "ओरडलं की बिथरते, प्रेमानं बोललं की तिला लळा लागतो."

पण सातव्यानं मान खाली घालून मुसंडी मारली. नुमाननं कुंपणाच्या पाइपांवरून उडीच टाकली.

"अहो, चपळ आहात की!" मधुवंती हसली.

नुमानही हसला. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओकला.

तिसऱ्या दिवशी काळी अँगस. ही सगळ्यांत गरीब जात, असं सगळे म्हणत होते, आणि आठ जनावरांनी ते खरंही केलं. एक, एक, दोन, एक. मधुवंती भराभर लिहीत होती. खरीफचे, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचे दिवस, डोंगरावरून धुकं उतरत होतं. दहा वाजेपर्यंत रिंगणाची पलीकडची बाजू दिसेनाशी झाली. पाइप ओले, पायाखाली चिखल.

नववी कालवड खोड्यात दगडासारखी उभी राहिली. तिला रिंगणात सोडलं आणि बाकीची नऊ मागच्या आवारात, फाटकापलीकडे धुक्यात दिसेनाशी झाली. कालवडीनं मान वर करून हंबरडा फोडला. पुन्हा एक. माणसासाठी ठेवलेल्या अरुंद फटीतून नुमान आत शिरला आणि चार पावलं चालला.

कालवड वळली. तिच्या डोळ्यांचं पांढरं दिसत होतं.

"दहा सेकंद," मधुवंती म्हणाली.

पुढचं एका क्षणात झालं. ती थेट अंगावर आली. नुमान बाजूला झाला, तिचा खांदा त्याला घासून गेला आणि तो पलीकडच्या कुंपणावर आपटला. आता फट तिच्या मागे होती. त्यानं पाइपावर पाय ठेवला. ओल्या पाइपावरून पाय सटकला. हातानं अंग वर ओढायला गेला तर मोडून सांधलेल्या बाजूनं कळ आली आणि हात सुटला. कालवडीनं डोकं खाली घालून शेजारच्या पाइपावर धडक मारली. सगळं कुंपण घणघणलं.

"हट! हट!" मधुवंती हातातली लिहायची फळी पाइपांवर बडवू लागली.

कालवड आणखी पिसाटली. गोल धावली, परत आली, नुमानसमोर चार हातांवर थांबून जमीन उकरू लागली.

"ओरडू नका, मॅडम," नुमान म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "बाकीची आत सोडा."

"काय?"

"फाटक उघडा. सगळी सोडा."

"वेडे आहात का? नऊ जनावरं! तुम्ही आत आहात!"

"ती एकटी पडलीय म्हणून करते. सोबत दिसली की थांबेल. उघडा. पण हळू... पळवू नका."

मधुवंतीचा हात फाटकाच्या कडीवर होता. कडी उघडेना, गंजली नव्हती, तिची बोटंच वळत नव्हती. एकेक जनावर पाचशे किलोचं. ती धावत सुटली आणि नुमान मध्ये सापडला तर उरणार काय? तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून कुंपणाला पाठ लावून उभा होता, ओठ हलत होते. तिनं दुसऱ्या हातानं कडी ओढली.

धुक्यातून पहिलं काळं डोकं आलं. मग दुसरं. नुमानला दिसत नव्हतं, चिखलात बुडणारे खूर फक्त ऐकू येत होते, जवळ, आणखी जवळ. एक ओलं, गरम अंग त्याच्या छातीला घासून गेलं. त्यानं श्वास घेतला नाही. बरगड्यांना आधीच सगळं कळलं होतं, त्या वाट बघत होत्या.

काही झालं नाही.

त्यानं डोळे उघडले. कालवड इतरांच्या घोळक्यात शिरली होती, एकीच्या मानेवर तोंड टेकून धापा टाकत होती. नुमान कुंपण धरून, पाऊल न उचलता, सरकत सरकत फटीपर्यंत आला. बाहेर पडला आणि चिखलातच बसला. त्याची पँट ओली होती, आणि ती धुक्यानं ओली झाली नव्हती. मधुवंतीच्या ते लक्षात आलं. तिनं अंगातला रेनकोट काढून त्याच्या मांडीवर टाकला आणि शेजारी बसली.

"इब्राकडे बैलानं दाबलं मला, त्याला दोन वर्षं झाली," नुमान म्हणाला. "भीती जातच नाय. रोज आत जाताना वाटतं, आज संपलो."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगून पोट भरतं काय, मॅडम?"

तिनं चिखलात पडलेली फळी उचलून पुसली. म्हणाली, "चूक माझी आहे. जनावराला एकटं पाडून मी त्याचा स्वभाव मोजत बसले. आणि तुम्हालाही एकटंच पाठवलं."

अर्बाब दुपारी आले. मधुवंतीनं झालं ते सगळं सांगितलं, नुमानच्या भीतीसकट, कारण आता लपवणं तिला जमेना. ते आपल्या मोडक्या हिंदीत भडकले, दोघांवरही. "आदमी मर जाता तो? खलास! कोई अंदर अकेला नहीं जाएगा." नुमानकडे त्यांनी नीट पाहिलं, पण त्याच्याबद्दल काहीच न बोलता गाडीत बसून गेले.

पुढचे चार दिवस नुमाननं सामानाची पिशवी भरून ठेवली होती. गाडीचा आवाज आला की तो पिशवीकडे बघायचा. गुरांची भीती होतीच, आता ही दुसरी, काम जाण्याची.

मधुवंतीनं अहवाल दिला. सरासरीत अँगसच शांत ठरली. ब्राह्मन माणसावर अवलंबून, जबाली अंगानं लहान पण हट्टी. खाली तिनं एक ओळ जादा लिहिली: कळपातून तोडलेलं जनावर कोणत्याही जातीचं असो, त्याच्यावर विसंबू नये.

पाचव्या दिवशी अर्बाबांचा निरोप आला. काळी गुरं घ्यायची ठरली होती. रिंगणाला चारी बाजूंनी फटी पाडायच्या होत्या, आणि त्या कुठे हव्यात ते नुमाननं दाखवायचं होतं. काम त्यानं बाहेरून करायचं, चारा-पाण्याचं.

त्या संध्याकाळी त्यानं हर्णैला फोन लावला. खुदेजाला, बायकोला, त्यानं इतके दिवस सांगितलं होतं की बरगड्या शिडीवरून पडून मोडल्या. आज खरं सांगितलं. काळ्या कालवडीचंही सांगितलं.

"शिडी नव्हती, हे मला ठाऊक होतं," खुदेजा म्हणाली. "झोपेत ओरडायचात तुम्ही, गेल्या वेळी घरी आलात तेव्हा. मी विचारायला घाबरले."