गिल्बर्टची तांब्याची बादली

सेव्हर्न नदीच्या काठी ब्यूडली गावात विटांच्या घरांची एक ओळ आहे. त्यातल्या एका घरात गिल्बर्ट यार्नोल्ड आणि त्याची बायको नेस्टा राहत. गिल्बर्टनं जन्मभर रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरी केली होती. घर दोघांना पुरेसं होतं, पण आत शिरणाऱ्याला अंग चोरूनच चालावं लागे, कारण गिल्बर्टला शेकोटीच्या जुन्या सामानाचा नाद होता. शेकोटीपुढे मांडायचे पितळी कठडे, लांब दांड्यांचे चिमटे, निखारे उकरायच्या सळया, चामड्याचे भाते, जळती लाकडं पेलणारे बुटके लोखंडी पाय, ज्यांना तिकडे सगळे कुत्रे म्हणतात. भिंतीतली शेकोटी घरात एकच होती आणि कुत्र्यांच्या जोड्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या.

नाद लागला तो लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. नेस्टानं त्याला पडद्याचं कापड आणायला पाठवलं होतं. वाटेत एक जुनी हवेली पाडत होते. तिच्या ढिगाऱ्यात काळाठिक्कर पडलेला एक कठडा गिल्बर्टला दिसला, आणि पडद्याचं कापड विसरून तो कठडा सायकलला बांधून घेऊन आला. नेस्टा फार बोलली. बोलता बोलताच तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो घासायला घेतला. काळ्या थराखालून आधी पिवळं पितळ निघालं, मग चारी कोपऱ्यांना सिंहाचे पंजे निघाले. मग मात्र ती गप्प झाली.

तेव्हापासून तसंच चालत आलं. गिल्बर्ट आणायचा, नेस्टा कुरकुरत घासायची. फारच मोठं काही आणलं तर तो जोडीला एखादी नक्षीची कुंडी आणायचा, हिरव्या चकचकीत मातीची, काठाला पानं कोरलेली. त्याला तो दंड म्हणायचा. नेस्टा त्यात नेचे लावायची. खिडकीशी नेच्यांचं रान झालं होतं, त्यावरून गिल्बर्टनं आजवर किती गुन्हे केले ते कुणालाही कळलं असतं.

साठी उलटल्यावर त्याचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि यावर औषध नाही. तसंच झालं. नेस्टाकडे पाहिलं की तिच्या टोपीची कड दिसे, कानातले डूल दिसत, चेहरा दिसत नसे. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तो नुसता खुर्चीत बसून राही आणि शुक्रवार आला की टेबलावर फडक्याचा आवाज ऐकत राही. आपल्याला जे दिसतही नाही ते ही बाई घासत बसते, या विचारानं त्याला लाज वाटू लागली.

शेवटी त्यानं लडलो गावच्या टॉलीसाहेबांना बोलावून घेतलं. जुन्या वस्तूंचं दुकान असलेला हा माणूस सज्जन होता आणि या संग्रहावर त्याचा वर्षानुवर्षांचा डोळा होता. नेस्टा बहिणीकडे किडरमिन्स्टरला जायची तो दिवस गिल्बर्टनं निवडला. ती परत येईपर्यंत घर रिकामं झालं असेल, असा त्याचा हिशोब होता. पण टॉली प्रत्येक चिमटा उचलायचे, उजेडात धरायचे, त्याचं कौतुक करायचे आणि मग कागदात गुंडाळायचे. नेस्टा बसमधून उतरून घरी आली तेव्हा निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

तिनं कोट काढला नाही. हे कुणी विकायला काढलं, असं तिनं टॉलींनाच विचारलं. टॉलींनी गिल्बर्टकडे पाहिलं.

"मी काढलं," गिल्बर्ट म्हणाला. "मला काही दिसत नाही आता. तू कुठवर घासत बसणार? तुझी एकदा सुटका करावी म्हटलं."

"माझी सुटका? मी मागितली होती?"

"रोज कुरकुरतेस की."

"कुरकुरणं वेगळं. आणायचं काम तुझं होतं, राखायचं माझं. तीस वर्षं हात काळे केलेत मी या पितळापायी. यातलं निम्मं माझं आहे, आणि माझं निम्मं कुठलं ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवेपर्यंत इथून एक सळईसुद्धा हलायची नाही."

टॉलींनी मुकाट्यानं एकेक पुडकं सोडायला घेतलं. आपल्या हातानं सगळं होतं तिथं परत ठेवलं. नेस्टानं त्यांना चहा दिला, मनुकांच्या केकचा जाडसर तुकडा दिला. जाताना, कधीमधी नुसतं बघायला आलो तर चालेल का, असं त्यांनी दाराशी टोपी हातात धरून विचारलं.

ते गेल्यावर नेस्टानं नवऱ्याला नेमकं काय दिसतं ते खोदून विचारलं. तेव्हा त्यानं तिच्या चेहऱ्याचं सांगितलं. ती उठली, शेकोटीपलीकडची आपली खुर्ची ओढत आणून तिनं त्याच्या शेजारी, जरा पुढे लावली.

"कडेचं दिसतं ना? मग मला समोर कशाला बसवतोस, वेड्या?"

त्यानं शेकोटीकडे तोंड केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पुसट का होईना, तिचं नाक दिसलं, हनुवटी दिसली. ती रडत होती हेही दिसलं.

वसंतात टेनबरीजवळच्या एका खेड्यात जुन्या सामानाचा लिलाव होता. नेस्टा त्याला ओढूनच घेऊन गेली. मंडपात ती त्याच्या कानाशी लागून एकेक वस्तूचं वर्णन करू लागली. "हे लांबट काहीतरी आहे, टोकाला अननस." "हा कुत्रा आहे, पण तोंड तुझ्या काकासारखं." गिल्बर्टला हसू आवरेना. मग त्याच्या हाताला कोळशाची एक बादली लागली. तांब्याची, पसरट तोंडाची. त्यानं तिच्या अंगावरून बोटं फिरवली, कडीचा गुळगुळीतपणा पाहिला, खिळे एकेक करून चाचपले, टिचकी मारून नाद ऐकला. त्याच्या गालावर रंग चढला.

"जुनी आहे," तो कुजबुजला. "माझ्या आजोबांच्याही आधीची. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत घे."

नेस्टानं बादलीत डोकावून पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि हात वर केला.

बादली घरी आली ती मानानं शेकोटीच्या उजव्या हाताला बसली. नुसत्या बोटांनी कशी ओळखली ते गिल्बर्टनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. तो पुन्हा ताठ चालू लागला. शुक्रवारी टेबलाशी तिच्या शेजारी बसून निम्मं घासायलाही लागला.

पुढे एकदा टॉली ठरल्याप्रमाणे नुसतं बघायला आले. गिल्बर्टनं मोठ्या तोऱ्यात बादली त्यांच्या हातात दिली. टॉलींनी ती फिरवली, उलटी केली. एका चिमट्यावर घटकाभर बोलणारा माणूस, पण या वेळी "तांबं छान आहे" एवढंच म्हणाला आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या.

ते जाईपर्यंत गिल्बर्ट थांबला. मग म्हणाला, "नेस्टा, बादली नवी आहे ना?"

"आहे."

"किती नवी?"

"आत तळाला दुकानाचा कागद चिकटलेला होता. येताना बसमध्ये नखानं खरवडून काढला मी. तू शेजारी घोरत होतास."

"म्हणजे तिथंच कळलं होतं तुला. मग घेतलीस कशाला?"

नेस्टानं कप खाली ठेवला. "तू बोटं फिरवत होतास तेव्हाचं तुझं तोंड तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. त्या पडद्याच्या दिवशी सायकल धरून दारात उभा होतास ना, अगदी तसं. वर्षभर नुसतं हे विकू, ते काढून टाकू, चाललं होतं तुझं. त्या दिवशी तू मला घे म्हणालास. मी काय नाही म्हणणार होते?"

गिल्बर्ट हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. तिनं पाठीवरून हात फिरवला. संग्रह आपण केला आणि बायकोनं तो सोसला, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. घरातली जी वस्तू चमकत होती ती या बाईच्या हातून चमकली होती, आणि त्यानं आजवर तिला तसं एकदाही म्हटलं नव्हतं. दंड म्हणून कुंड्या आणल्या, थट्टा केली, पण चार शब्द नीट बोलला नव्हता.

"तुझे आभार मानायचे राहूनच गेले," तो म्हणाला. "अगदी पहिल्यापासूनचे."

"मान की मग. मी कुठं नको म्हणतेय?"

आणि त्यानं मानले. अवघडत, थांबत थांबत, एकेका वस्तूचं नाव घेत. कठड्याचे, भात्यांचे, जिन्यावरच्या कुत्र्यांचे. ती शेजारी बसून ऐकत होती. शेकोटीत कोळसा घालायची वेळ होऊन गेली तरी दोघंही उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेस्टा म्हणाली की बादली नवी असली तरी तिची कुंडी झकास होईल. मग गिल्बर्टनं हातोडा आणि जाड खिळा घेतला, तिनं खिळ्याचं टोक तळावर धरून जागा दाखवली, आणि तिच्या बोटांच्या इतक्या जवळ हातोडा मारताना त्याचा हात एकदाही चुकला नाही. भोकं वेडीवाकडी पडली, पण पाणी निघून जायला पुरेशी. तिनं त्यात लाल जिरेनियम लावलं आणि बादली दाराबाहेर ठेवली.

उन्हाळाभर ते फुलत राहिलं. संध्याकाळी गिल्बर्ट उंबऱ्यात खुर्ची टाकून नदीकडे तोंड करून बसे, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला तो लाल रंग दिसे, आणि त्याच्याही पलीकडे, पाणी घालायला वाकलेली नेस्टा.