अंबादासचे दात

"थांबा मॅडम, पाणी अजून थंडच आहे," म्हणत अंबादासनं गरम पाण्याची आणखी एक बादली हौदात ओतली आणि दुधाची पावडर ढवळली. पाणी पांढरं झालं, तसा बुडालेला काचेचा पाट दिसेनासा झाला. उंदरानं पोहत तो पाट शोधायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची जागा आठवायची, एवढीच त्याची परीक्षा.

जबलपूरच्या त्या कॉलेजात उंदरांची उस्तवार करण्यात अंबादासची हयात गेली होती. यंदा विनता मॅडम निम्म्या उंदरांना फ्लोराइडचं पाणी पाजत होत्या आणि निम्म्यांना साधं. फ्लोराइडवाले सारखे चुकत. नियम असा, की चुकला त्याला हातानं पाटावर नेऊन ठेवायचं आणि जरा बसू द्यायचं. मेल्यानं आपण कुठे आहोत ते नीट पाहून घ्यावं म्हणून. अंबादासला हा नियम फार आवडायचा. माणसांत एवढी मेहेरबानी कोण करतो?

आज भोपाळहून मोठे प्राध्यापक श्यामसुंदरजी प्रयोग पाहायला आले होते. पाण्यात सोडलेल्या उंदराची धांदल पाहून अंबादासला हसू आलं. सवयीप्रमाणे हात तोंडावर गेला, पण जरा उशिराच. त्याचे तपकिरी, टवके उडालेले दात पाहुण्यांनी पाहिले.

"अरे, ये तो फ्लोराइड के दाँत हैं."

"हाँ सर, बचपन में गाँव के कुएँ का पानी. चौथी भी पास नहीं हुए," विनता मॅडम उत्साहानं म्हणाल्या आणि अंबादासकडे वळल्या. "अंबादास भैया, जरा तोंड उघडा ना. परिषदेतल्या भाषणात उंदरांच्या फोटोशेजारी तुमचाही लावू."

श्यामसुंदरजींनी कॅमेरा काढला. अंबादासच्या नोकरीची मुदतवाढ मॅडमच्याच सहीसाठी अडली होती. आजवर तो मूग गिळूनच जगला होता, आज मात्र त्याचं डोकं सणकलं.

"नाही उघडत."

"अहो, नाव नाही सांगणार कोणाला."

"नावाचं काही नाही, मॅडम. दात पाण्यानं गेले, हे खरं. पण शाळा पाण्यानं नाही गेली. मास्तरनं मले जातीपायी दाराबाहेर बसवलं. तिथून फळा दिसे ना, पाढा ऐकू ये ना. मी विसरलो नाही, मले शिकवलंच नाही. तुमचा उंदीर चुकला तर तुम्ही त्याले पाटावर नेऊन ठेवता. मले कोणी नेलं?"

त्यानं मॅडमकडे सरळ पाहिलं.

"सही नका करू पाहिजे तर. पण माझा फोटो उंदराच्या बाजूले लागणार नाही."

मॅडमची मान खाली गेली. मग त्यांनीच पाहुण्यांच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. "रहने दीजिए, सर. गलती मेरी है."

हौदात उंदीर अजून गोल गोल फिरत होता. या बोलाचालीत त्याला दिलेला वेळ कधीच संपला होता. अंबादासनं बाह्या सारल्या, हात पाण्यात घातले आणि त्याला अलगद पाटावर नेलं. उंदीर निथळत उभा राहिला, शिंकला आणि मोठ्या रुबाबात इकडेतिकडे पाहू लागला.

अंबादासला हसू फुटलं. उंदराला सावरून धरलेले दोन्ही हात पाण्यातच होते. त्यानं ते काढले नाहीत. दात दिसले तर दिसले.