शेजारची हाक

सगळा गाव तिला ताई म्हणायचा, पण सख्खी ताई ती एकाच बहिणीची होती, आणि त्या बहिणीकडेच तिचं जाणं सगळ्यांत कमी होतं.

आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून राबून ती निवृत्त झाली. लग्न राहूनच गेलं. दवाखाना सुटला, पण स्वतःशी धरलेला नेम सुटला नाही. हाक आली की उठायचं. कुणाची, कशासाठी, हे चपला पायात सरकवताना विचारायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या जखमेची पट्टी, कुणाच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची आंघोळ. लोक जीव लावायचे, पण संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घराची दारं लागायची आणि ताई एका माणसापुरता भात टाकायची.

"भाज लष्कराच्या भाकऱ्या," धाकटी फोनवर म्हणायची. "माझ्या पोरीच्या लग्नात आचाऱ्याचा हात भाजला, तर तू त्याला मलम लावत बसलीस. एकाही फोटोत नाहीस."

मग धाकटी आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी आणलं, तेव्हा ताई बॅग भरून गेली ती राहायलाच. गेल्या गेल्या तिने चादर बदलली, उशा रचल्या, औषधं वेळेप्रमाणे लावून ठेवली. "आता कसं वाटतंय? थोडं पाणी घेऊ या?" असं मऊ आवाजात विचारू लागली.

धाकटीने तोंड फिरवलं. "हा आवाज पेशंटसाठीचा आहे. माझ्याशी नीट बोल."

"नीट म्हणजे कसं?"

"भांड की. लहानपणी वेणी ओढायचीस तशी."

ताईला ते जमेना. परक्या माणसाजवळ बसणं तिच्या हातचा मळ होता. इथे मात्र हात रिकामे ठेवून बसवायचं नाही, आणि ती उठून ओटा पुसायला लागायची. धाकटी नुसती बघत राहायची.

एका सकाळी मात्र ताई तिच्याजवळ बसली. भाचीने आईच्या केसांना तेल लावलं होतं, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. धाकटीने तिचा हात धरला.

तेवढ्यात शेजारून हाक आली. म्हातारे आजोबा न्हाणीघरात पडले होते, घरात सून एकटी होती आणि ती रडत दार वाजवत होती.

ताई जागची हलली नाही. "आहेत ना इतर कोणी," ती पुटपुटली.

धाकटीने हात सोडला. "जा. तू जाणारच."

ताई गेली. आजोबांना घाईने उचलू दिलं नाही, डोक्याखाली टॉवेल ठेवला, रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली. आजोबा वाचले. ती परतली तेव्हा भाची पलंगाशी जमिनीवर बसली होती आणि धाकटी गेली होती.

किती तरी माणसांना तिने त्या उंबरठ्यापर्यंत सोबत केली होती. त्यांतल्या निम्म्यांची नावंही तिला आठवत नव्हती.

नातेवाईक आले, गेले. आजोबांची सून येऊन पाया पडली. ताईने तिला जवळ घेतलं. कुणी तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

निघायच्या दिवशी भाची बसस्टॉपपर्यंत आली.

"मावशी, एक सांगू? तू गेल्यावर आई हसली. म्हणाली, बघ, गेली."

"कशी हसली?"

भाची विचारात पडली. "नेहमीसारखी."

बस आली. ताई खिडकीशी बसली. नेहमीसारखी म्हणजे कौतुकाने की कंटाळून, हे सांगू शकणारी एकच होती. बस सुटली, भाचीचा हात मागे राहिला, आणि ताई पुढे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत ते हसू आठवायचा प्रयत्न करत राहिली.