हद्दीच्या नकाशातली नावं

सुनावणी दुपारी दोनला होती, पण तेक्ला सकाळी सातपासूनच गावातल्या बायकांबरोबर सभागृहाच्या स्वयंपाकघरात उभी होती. बटाट्याचं सारण भरून पिरोहीला मुरड घालावी ती तिनंच. तिच्या हातची पिरोही उकळत्या पाण्यात फुटल्याचं पंचक्रोशीत कोणी ऐकलं नव्हतं. शेजारचं शहर वाढत वाढत गव्हाच्या शेतांना येऊन भिडलं होतं. आता ग्रामीण पालिकेची दोन हजार एकर जमीन त्याला आपल्या हद्दीत हवी होती, आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला शहराचे अधिकारी यायचे होते. येईनात का! आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची रीत कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या त्या युक्रेनी वस्तीत नव्हती.

"लारिसा, आधी केसांतला भुसा झटक, बाई. सारणात पडेल," तेक्ला म्हणाली.

"पडू दे की मावशी, आमच्याच गव्हाचा आहे," लारिसा हसली. शेजारच्या वसिलची ही पंचविशीतली मुलगी. बापाचं कापणीयंत्र तीच चालवायची; भाऊ तिकडे कॅलगरीत मोटारी विकायचा.

"तुमचा कसला गहू? तुझ्या भावाचा!" एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या खळखळून हसल्या.

तेक्लाही हसली, पण तिचा हात थबकला. सकाळी सभागृहात कप मांडताना तिने भिंतीवरचा हद्दीचा नकाशा पाहिला होता. प्रत्येक शेतावर मालकाचं नाव छापलेलं. तिच्या शेतावर नाव होतं झेनन, तिच्या धाकट्या भावाचं.

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. जमीन मुलाला, मुलीला लग्नात एक गाय आणि पिसांची रजई, ही तिथली चाल. तेक्लाचं लग्नच झालं नाही, त्यामुळे गायही नाही अन् रजईही नाही. झेनन अठराव्या वर्षी शहरात गेला तो तिकडचाच झाला. चाळीस वर्षं पेरलं, कापलं, दूध काढलं, आईबापांना शेवटचा घास भरवला तो तेक्लाने. बाबा म्हणायचे, "घर तुझं, मागचं शेत तुझं. पुढच्या सोमवारी जाऊन कागद करू." मग कधी कापणी आडवी यायची, कधी बर्फ, कधी गाय वीत असायची. असे किती सोमवार गेले, आणि एका मंगळवारी बाबाच गेले. तिने कधी तगादा लावला नाही. आपल्याच बापाकडे कागद काय मागायचा! या एका चुकीने ती आपल्याच घरात पाहुणी झाली.

एकच्या सुमारास झेनन मागच्या दाराने आत आला. "काय वास सुटलाय गं ताई!" म्हणत त्याने एक पिरोही तोंडात टाकली आणि पिठाच्या परातीशेजारी कागद ठेवला. "एवढी एक सही कर. हद्द सरकली की बिल्डर जमीन घेतोय. घरात राहणाऱ्याचीही सही पाहिजे म्हणतो."

"आणि मी कुठं जाऊ?"

"तुला शहरात जागा बघितलीय ना! सातवा मजला, लिफ्ट आहे."

"माझ्या अकरा गाई लिफ्टनं नेऊ का रे?"

"चेष्टा नको, ताई. या वयात तू शेण काढतेस, लोक मला नावं ठेवतात."

तेक्लाने हात पुसले आणि पेन उचललं. त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून त्याला शाळेत धाडलं होतं तिने. त्याच्याशी कसलं भांडायचं? पण सही करण्याआधी तिने वाचलं: 'या जमिनीवर माझा कोणताही हक्क नाही आणि कधीही नव्हता.'

"'नाही' हे एक वेळ लिहीन रे. पण 'कधीही नव्हता'? बाबांना तीन वर्षं कुशीवर कोण वळवत होतं? तू?"

"ते तू मायेनं केलंस, ताई. मायेचा कधी हक्क होतो का?"

तिने पेन परातीत टाकलं. "मग मायेनंच सांगते. सही मिळणार नाही."

दोन वाजता ती पिठाच्या हातांनीच सभागृहात जाऊन उभी राहिली. अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "माफ करा, बाई. तुमचं नाव नाही. फक्त मालकांनाच बोलता येतं."

वसिल खुर्चीतून उठला. "माझं नाव आहे ना? माझी पाच मिनिटं तिला द्या."

"शहरावर माझा राग नाही," तेक्ला म्हणाली. "त्यांनी यादी वाचली. यादी केली कोणी? आपण! आपल्या आज्यांनी या जमिनीतले धोंडे वेचले, आणि नावं लिहायची वेळ आली तेव्हा त्यांना चहा ठेवायला आत पाठवलं. आज शहर न विचारता जमीन घेतंय म्हणून ओरडताय. आम्हाला कधी विचारलं होतंत?"

कोणी टाळी वाजवली नाही. झेनन न जेवताच निघून गेला. बाकीचे खाली माना घालून पिरोही खात बसले.

सहीवाचून बिल्डर थबकला. हद्द मात्र सरकलीच. दोन आठवड्यांनी सुनावणीचा अहवाल टपालाने आला. त्यात लिहिलं होतं, 'श्री. वसिल यांनी मालक म्हणून आपलं मत मांडलं.' आणि शेवटी, 'उत्तम जेवणाबद्दल महिलांचे आभार.' तेक्लाने तो तीनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि तडक वसिलचं घर गाठलं.

"यात माझं नाव शोध."

वसिलने चष्मा लावला, दोन्ही पानं उलटसुलट पाहिली. "अरे देवा! बोललीस तू, आणि नाव माझं?"

"हो. आणि यंत्र चालवते ती." तेक्लाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. अंगणात लारिसा यंत्राखाली आडवी होऊन नटबोल्ट आवळत होती. "तुझ्या शेतावर नाव कोणाचं लावणार आहेस?"

वसिलने चष्मा काढून पुसला. "पोराला वाईट वाटेल गं."

"आणि पोरीला?"

"बरं, बाई. सोमवारी जाऊ वकिलाकडे."

तेक्लाने खुंटीवरचा त्याचा कोट काढून त्याच्या हातात दिला. "आज गुरुवार आहे. वकील पाचपर्यंत बसतो. ऊठ."