अक्काताईचा दात

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळ बाजारात मल्लाप्पांना कुणी हळवं म्हटलं असतं, तर हमालांनी पाठीवरचे गुळाचे रवे खाली टाकून पोट धरून हसून घेतलं असतं. सौद्याला उभा राहिला की हा माणूस सख्ख्या मेहुण्यालाही ओळख देत नसे. असा माणूस रोज संध्याकाळी घरी जाताना पोरीसाठी काहीतरी खायला न्यायचा, आणि ते कशासाठी, तर तिच्या तोंडातली प्लॅस्टिकची पट्टी थोडा वेळ बाहेर निघावी म्हणून. हे बाजारात कुणाला पटलं नसतं. खुद्द मल्लाप्पांनीही ते स्वतःशी कबूल केलेलं नव्हतं.

गोष्ट दोन हजार नऊ सालातली. शिवलीला त्यांची एकुलती एक लेक, बँकेत काउंटरवर बसायची. तिचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढून पुढे आलेला. तिच्या आईचा, अक्काताईचा (पोरगी तिला अव्वा म्हणायची), अगदी तस्साच होता, त्याच बाजूला, तेवढाच तिरपा. अक्काताई किडनीच्या दुखण्यानं गेली त्याला चार वर्षं झाली होती. दात मात्र घरातच राहिला. शिवलीला हसली की वरचा ओठ त्या सुळ्यावर क्षणभर अडकायचा, मग सुटायचा. अडकायचा तेवढ्या वेळात स्वयंपाकघराच्या दारात अक्काताई उभी असायची. मल्लाप्पांना बायकोची फार आठवण यायची, आणि त्या आठवणीला भेटायची जागा एवढी एकच होती.

पोरीच्या मनात वेगळंच होतं. नोकरी कायम झाली तशी ती राजारामपुरीत डॉक्टर प्रियदर्शनींकडे गेली आणि दात सरळ करायचं ठरवून आली. तारा नकोत म्हणाली. त्या वेळी आपल्याकडे नव्यानंच आलेल्या पारदर्शक पट्ट्या होत्या. दातांचं माप देऊन एका मागोमाग घालायच्या पट्ट्या बनवून यायच्या. प्रत्येक पट्टी दाताला केसभर ढकलायची, की मग पुढची घालायची. जेवताना आणि दात घासताना तेवढी काढायची, बाकी दिवसरात्र तोंडात ठेवायची.

"चांगल्या दाताला काय धाड भरली गं?" मल्लाप्पांनी विचारलं.

"मला सरळ करायचाय, अप्पा."

"मग कर की. दिसत तर न्हाय काय."

दिसत नव्हतं हे खरं, पण पट्टी घातली की ओठ प्लॅस्टिकवरून गुळगुळीत सरकून जायचा. हसणं व्हायचं, अडकणं व्हायचं नाही. स्वयंपाकघराचं दार रिकामंच राहायचं. मल्लाप्पा आठवडाभर घरात उगीचच चिडचिड करत होते आणि भाजीत मीठ कमी असल्याचं कारण सांगत होते.

मग एक दिवस राधानगरीकडच्या एका शेतकऱ्यानं वानवळा म्हणून ओल्या शेंगा आणून दिल्या. उकडून ताट पुढे आलं तशी शिवलीलानं पट्टी काढून डबीत ठेवली. शेंगा फोडता फोडता मल्लाप्पांनी बाजारातली काहीतरी गंमत सांगितली, आणि ती खळखळून हसली. ओठ अडकला. मल्लाप्पांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

त्या दिवसापासून घरात खाण्याची चैन सुरू झाली. आज भडंग, उद्या कांदाभजी, परवा गुऱ्हाळातून आणलेली गरम काकवी. नको म्हणायची सोय नव्हती. "खा की! वाळून काटकी झालीयास," असं वरून ऐकावं लागायचं, आणि कोल्हापुरात पुढ्यात आलेलं खाणं परत सारणं म्हणजे भांडण उकरून काढणंच. खाऊन झालं तरी मल्लाप्पा उठू द्यायचे नाहीत. एकातून दुसरी गोष्ट काढत बसायचे. पट्टी डबीत आणि डबी कपाटावर, ती थेट झोपायच्या वेळी उतरायची. रविवारी तर डबीचा पत्ताच नसायचा.

असे दोनेक महिने गेले. एका सकाळी नवी पट्टी बसेना. शिवलीलानं अंगठ्यानं दाबून पाहिली, पट्टी घट्ट बसावी म्हणून डॉक्टरांनी दिलेली रबराची नळी कचाकचा चावून पाहिली. बाकीच्या दातांवर पट्टी घट्ट बसायची आणि सुळ्यापाशी येऊन उभी राहायची, मध्ये स्पष्ट फट दिसायची. आरशासमोर उभ्या उभ्या तिचे डोळे भरले. मल्लाप्पांनी ते पाहिलं. त्यांनी गुपचूप चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, मी येतो संगं."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून दात पाहिला आणि खुर्ची सरळ केली. "पट्टीत काही दोष नाही. दातच मागे गेलाय. पट्टी तोंडात नसली की दात आपल्या जुन्या जागी परत निघतो. नीट घालतेस ना?"

"घालते, मॅडम."

"काका, घरी सारखं काही खाणं चालू असतं का हिचं?"

शिवलीलानं बापाचं नाव घेतलं नाही. सौद्यात दहा जणांचा आवाज दाबणारे मल्लाप्पा घसा खाकरून एवढंच म्हणाले, "शेंगा... भजी... असं थोडंफार असतंय."

"थोडंफार नाही वाटत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता आधीची पट्टी पुन्हा घालायची, आणि काढायची नाही. पंधरा दिवसांनी बघू. तीही बसली नाही तर सगळं पहिल्यापासून. आणि एकच दात असा पुढे-मागे ओढत राहिलो तर त्याचं मूळ सैल होईल. मग सरळही नाही आणि वाकडाही नाही, दातच जाईल."

परत येताना मल्लाप्पांनी सवयीनं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी गाडी थांबवली. "दोन फुल ग्लास," त्यांच्या तोंडून निघूनही गेलं.

"एकच द्या," शिवलीला रसवाल्याला म्हणाली. मग बापाकडे वळली. "अप्पा, पुरे की आता."

"रस म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

"तुम्हाला वाटतं मला कळत न्हाय? मी खायला लागले की तुमचं लक्ष ताटात नसतं, माझ्या तोंडाकडं असतं."

मल्लाप्पांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. "तो दात अव्वाचा हाय, लीला."

"म्हणून तर पट्टी काढत होते रोज," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटतंय म्हणून. मलाबी आठवती की ती. पण अप्पा, एक सांगा, हसणारी अव्वा असलेला एक तरी फोटो हाय आपल्याकडं?"

मल्लाप्पांनी मनातल्या मनात सगळे फोटो काढून पाहिले. लग्नातला. बारशातला. संकेश्वरच्या जत्रेतला, फोटोवाल्याच्या तट्ट्यावर रंगवलेल्या चंद्रासमोर बसून काढलेला. सगळीकडे अक्काताई ओठ मिटून, नाहीतर तोंडापुढे पदर धरून. एकात तर मान फिरवलेली. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"दवाखान्यात असताना मला म्हणाली ती," शिवलीला सांगू लागली. "माझा जन्म तोंड झाकण्यात गेला म्हणाली. तू झाकू नको. नोकरी लागली की पयला दात नीट करून घे."

"मला कधी बोलली न्हाय."

"तुम्ही हसला असता म्हणाली. लग्नात हार घालताना सगळ्यांच्या देखत तुम्ही तिला सुळेवाली म्हणाला होता म्हणं. पुढंबी रोज म्हणायचा."

म्हणायचे, खरंच म्हणायचे. सकाळी चहा मागताना, रात्री बाजारातून आल्यावर, पोरगी मांडीवर असताना. "काय सुळेवाली, झालं का जेवण?" त्यात त्यांचा सगळा जीव असायचा. हार घालताना समोरची मुलगी चुकून हसली होती, ओठ त्या दातावर अडकला होता, आणि मल्लाप्पा तिथल्या तिथं गार झाले होते. हा दात मला फार आवडतो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून असलं सरळ बाहेर पडेल तर शपथ! जितका जीव जास्त, तितकं चिडवणं जास्त. ज्याला चिडवायचं त्यानं ते ओळखून घ्यायचं, अशी आमची रीत. अक्काताईनं ओळखलं नाही, आणि ती बिचारी जन्मभर पदर आवळत राहिली.

रसाचा ग्लास तसाच गाड्यावर ठेवून मल्लाप्पांनी गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी घरी आले. शिवलीला बँकेतून आली होती, तोंडात जुनी पट्टी होती, सुळ्यापाशी अजून जराशी उचललेली. हातपाय धुऊन मल्लाप्पा तिच्यासमोर येऊन बसले.

"एकदा काढ की ती."

"काय आणलंय खायला?"

"काय न्हाय. नुसतं बघायचंय. एकदाच."

तिनं पट्टी काढून त्यांच्याच तळहातावर ठेवली. पण हस म्हटल्यावर हसू येतं थोडंच! मल्लाप्पांच्या तोंडावर जुना शब्द आला होता, तो त्यांनी गिळला.

"लई देखणा दात हाय," ते म्हणाले. "लई आवडायचा मला. पयल्या दिवसापासनं."

बाजार गाजवणाऱ्या बापाच्या तोंडून असलं काही ऐकून शिवलीलाला आधी नवल वाटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच ती हसली. ओठ अडकला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची गरजच नव्हती. समोरच होती अक्काताई, पदर खाली सोडलेली, हसताना न लाजणारी. मल्लाप्पांनी पापणी न हलवता तिला पोटभर पाहून घेतलं.

मग त्यांनी तळहात पुढे केला. "घाल आता."

शिवलीलानं पट्टी घातली. बाकीच्या दातांवर बसली, सुळ्यापाशी येऊन पुन्हा अडली. तिनं अंगठा लावला, पण दुखलं तसा काढून घेतला आणि बापाकडे पाहिलं.

"दाब," मल्लाप्पा म्हणाले. "अजून जरा जोरात दाब."