कोड्याची नोंदवही

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काढली. वितळलेले लोखंड साच्यात ओतताना त्याच लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतून, एक छोटी कांडी वेगळी ओतली जाते. तिला टेस्ट बार म्हणतात. मूळ वस्तू तोडून पाहता येत नाही, म्हणून ही कांडी यंत्रात ताणून तोडायची आणि ती किती ताण सोसते त्यावरून साऱ्या मालाविषयी निर्णय घ्यायचा. १९९८ साली पिराजी नावाच्या मोल्डरने, म्हणजे साचे भरणाऱ्या कामगाराने, एका उत्तम ओतकामाच्या चाळीस कांड्या लपवून ठेवल्या आणि पुढे महिनाभर रोज त्यांतलीच एकेक माझ्याकडे पाठवली. मी त्याला पकडले, कारण आकडे फार एकसारखे येत होते. खऱ्या मोजमापात चढउतार असतो. हा प्रसंग मी माझ्या पत्नीला, संयोगिताला, अनेकदा सांगितला होता. बहुधा गरजेपेक्षा जास्त वेळा.

संयोगिता शाळेत मराठी शिकवायची. गेल्या मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले आणि बदलांवर लक्ष ठेवा म्हणाले. लक्ष ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हे त्यांनी सांगितले नाही. तिची मोठी बहीण आक्का हिने आजऱ्याहून फोन केला. "पावणं, डागतर करा, पर बाहेरचं बी एकदा बघून घ्या. हितं जवळच एकजण हाय." मी तिला सांगितले की जे मोजता येत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मोजण्यासाठी मी वर्तमानपत्रातले रोजचे शब्दकोडे निवडले. चौदा आडवे शब्द, चौदा उभे. उत्तरे दुसऱ्या दिवशीच्या अंकात. संयोगिता ते चाळीस वर्षे पेनाने सोडवत आली होती. पेन्सिल घेणे हा भित्रेपणा आहे, असे तिचे मत होते. तिने भरलेले कोडे मी दुसऱ्या दिवशी तपासायचो आणि बरोबर शब्दांची संख्या आलेखाच्या वहीत मांडायचो. शब्दकोश नाही, फोन नाही, आणि मीही जवळ नाही. मी शेजारी बसलो असतो तर माझ्या चेहऱ्यावरून तिला उत्तराचा अंदाज आला असता, आणि मोजमाप बिघडले असते. निवृत्तीनंतर ती रोज सकाळी साडेसहाला गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन समोर पिळलेले म्हशीचे ग्लासभर दूध प्यायची. कोडे तिने तिथेच सोडवावे, असे आम्ही ठरवले. साडेसातला ती परत यायची.

आमची मुलगी साक्षी पुण्याला असते. तिला फोनवर घेऊन मी नियम वाचून दाखवला. आठवड्याची सरासरी पंधराच्या खाली गेली, तर संयोगिताने एकटीने घराबाहेर पडायचे नाही आणि घरात दिवसभर एक बाई ठेवायची.

"आणि पंधराच्या वर असली तर?" संयोगिताने विचारले.

"तर तू म्हणशील तसं."

"कट्टा, बाजार, आजरा. सगळं?"

"सगळं."

"मग लिहून द्या. वर्गात मी तोंडी शब्दावर कुणाला सोडलं नाही कधी."

मी लिहून दिले. खाली सही केली, तारीख घातली. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

एप्रिलपासून आकडे येऊ लागले. चोवीस, बावीस, पंचवीस, तेवीस. सोमवारचे कोडे अवघड असायचे; सोमवारी वीस-एकवीस. एकदा ताप होता त्या दिवशी सतरा. अक्षर तिचेच होते, फळ्यावर असायचे तसे गोल आणि सुटे. मध्यंतरी तिने भाजीत दोनदा मीठ घातले, चष्मा फ्रीजमध्ये ठेवला, साक्षीला दोन वेळा आक्का म्हणून हाक मारली. हे मी वहीत लिहिले नाही. एकेकट्या प्रसंगाला मी पुरावा मानत नव्हतो. आठ महिन्यांत दोनशे एकतीस नोंदी झाल्या आणि आलेखाची रेषा जवळजवळ आडवी राहिली.

डिसेंबरात तिने आजऱ्याला जायचे काढले. दर वर्षी सुगी झाली की ती आठ दिवस आक्काकडे राहायची, एसटीने, एकटी.

"पप्पा, तिला एकटीला पाठवू नका," साक्षी म्हणाली. "परवा फोनवर तिनं मला तीनदा विचारलं, जेवलीस का."

"आया विचारतातच."

"तुमचा तो आलेख बाजूला ठेवा ना जरा. आईकडे बघा."

मी तिला सांगितले की बघण्यात पूर्वग्रह असतो, म्हणूनच मोजायचे असते. संयोगिता आतल्या खोलीत साडीच्या घड्या करत होती. तिने ऐकले असणार. 

बारा डिसेंबरला मी तिला सकाळच्या साडेसहाच्या गाडीत बसवले. त्या दिवशी कट्टा चुकला, म्हणून पेपर तिने सोबत घेतला. खिडकीतून म्हणाली, "अहो, कोडं परत आल्यावर दाखवते." साडेदहाला आक्काचा फोन आला. "गाडी आली की पावणं. हिचा पत्त्या न्हाय."

कंडक्टरच्या सांगण्यानुसार कागलला ती "आलं आजरा" म्हणत उतरली. त्याने तिकीट पाहून हटकले, तर ती म्हणाली, बहिणीचे घर मला माहीत आहे. ती चौदा तारखेला दुपारी सापडली, कागलजवळच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका बंद शेडमागच्या नाल्यात. डोक्याला जखम होती, पण मृत्यू थंडीने झाला आणि तो तेराच्या पहाटे, असे शवविच्छेदनाच्या अहवालात आहे. म्हणजे ती सुमारे वीस तास चालत, बसत, कुणाला तरी विचारत होती. तिथे दिवसा हजारो लोक कामाला येतात.

पंचनाम्यात वस्तूंची यादी होती: पर्स, चष्मा, पेन, घडी केलेला एक कागद, एक वर्तमानपत्र. वस्तू ताब्यात मिळाल्यावर मी कोड्याचे पान उघडले. तेरा तारखेचा अंक घरात होताच. दोन शब्द भरलेले, दोन्ही बरोबर. बाकी चौकोन रिकामे. काहींत पेन टेकवल्याचा नुसता ठिपका.

आदल्या दिवशी चोवीस, आणि त्या दिवशी दोन. हा आजार एका रात्रीत असा घसरत नाही. याचा अर्थ दोनपैकी एक मोजमाप खोटे होते, आणि दोन हा आकडा खोटा असण्याचे कारण मला सापडेना.

अकराव्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेलो. यापूर्वी मी तिथे कधी गेलो नव्हतो. तिचा जुना विद्यार्थी कृष्णात म्हैस पिळत होता. बाजूच्या दगडी पायरीवर स्वेटर आणि कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ पेपर घेऊन बसले होते. त्यांना सगळे गणपती आण्णा म्हणत होते. मला पाहून कृष्णात उठला. हात धोतराला पुसले.

"सायेब. बसा की."

मी उभाच राहिलो. विचारले, "कोडं कोण सोडवत होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"सांग की लेका," आण्णा म्हणाले. "आता कुनाला भ्यायचंय?"

"आमी समदी मिळून," कृष्णात म्हणाला. "आण्णा वाचायचं, येईल त्यो सांगायचा. अडलं की मी पोराला फोन लावायचो, त्यो कॉलेजात हाय. बाई लिवायच्या. लिवायला बाईच पायजेत, सायेब अक्षर वळखत्यात म्हनल्या."

"कधीपासून?"

"पैल्या आठवड्यापास्नं. तवा निम्मं बाईच सांगायच्या. वर आमालाच दम. 'कृष्णात, नववीत बी हेच चुकलावतास.'" तो हसायला गेला आणि थांबला. "दसऱ्यानंतर एक बी न्हाय. नुसतं लिवायच्या."

"मग सगळे अठ्ठावीस का नाही भरले?"

"भरतच हुतो की आमी!" आण्णा म्हणाले. "बाई आयकायच्या न्हाईत. म्हनायच्या, रोज चार-पाच चुकवायची, रोज येगळी. सोमवारी जास्त. एकदा मला म्हनल्या, आण्णा, आज मला ताप हाय, आज धा-अकरा सोडा. मी म्हनलं, ताप तुमाला, कोडं का आजारी पाडताय? तर म्हनल्या, सारखं सारखं आलं की आमच्या ह्यास्नी वास येतोय. एका मोल्डरला असंच धरलंवतं त्यांनी."

म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली. रांगेतले दोघे-तिघे ग्लास हातात धरून उभे होते.

"तिला काही येत नाही, हे तुम्हाला दिसत होतं," मी म्हणालो. "मला सांगितलं का नाही?"

"बाईंनी शपथ घातलीवती," कृष्णात म्हणाला. "म्हनल्या, पंधराच्या खाली गेलं की दार बंद. मला कोंडून घालशील काय रं? आता मी काय सांगायचं हुतं, सायेब?" तो खाली बसला, चरवी पुन्हा गुडघ्यांत धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्याकडं बाई तासभर असायच्या. बाकीचं तेवीस तास तुमच्यापाशीच हुत्या की."

त्याने दूध दिले. मी ते घेतले नाही.

प्रयोगशाळेत खोटी ठरलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत, पानही फाडत नाहीत. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. शेजारी सही, तारीख आणि रद्द करण्याचे कारण लिहायचे. घरी येऊन मी पट्टी घेतली आणि दोनशे एकतीस नोंदींवर दोनशे एकतीस रेघा मारल्या. त्याला दुपार झाली. बारा डिसेंबरची नोंद तेवढी ठेवली: दोन.

कारणाच्या रकान्यात प्रथम 'बाहेरील मदत' असे लिहिले होते. मग त्यावरही रेघ मारली, सही केली, आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिले: निरीक्षक गैरहजर.